पाणलोटाचा हिशेब ओढ्याच्या मुखाशी

प्रति,
मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: पाणलोटातील कामांआधी व कामांनंतर पाण्याची आणि त्याच्या गुणवत्तेची मोजणी

ज्या जमिनीवर पडलेला पाऊस एकाच ओढ्याने बाहेर पडतो, तेवढी जमीन म्हणजे त्या ओढ्याचा पाणलोट. या साध्या व्याख्येत मोजणीची मोठी सोय आहे. पाणलोटात पाणी येते ते पावसाने. जाते ते तीन वाटांनी: ओढ्याने वाहून, जमिनीतून आणि झाडांच्या पानांतून वाफ होऊन, किंवा खडकात खोल मुरून. वर्षाअखेर मातीतला ओलावा पुन्हा जवळपास मूळ पातळीवर आलेला असतो. त्यामुळे जमाखर्च मांडता येतो. पाऊस मोजला, ओढा मोजला आणि तळचा खडक पाणी पीत नाही याची खात्री असली, तर वाफेचा आकडा वजाबाकीने मिळतो. पाण्यासोबत येणारी-जाणारी द्रव्येही याच वहीत लिहिता येतात.

शेजारशेजारच्या दोन पाणलोटांपैकी एकात बदल करायचा, दुसरा तसाच ठेवायचा आणि दोन्ही ओढे मोजत राहायचे, ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या एमेंटाल खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दोन पाणलोटांची जोडीने मोजणी चालू होती. अमेरिकेतील कोलोराडोत वॅगन व्हील गॅप येथे १९१० पासून ती एका पाणलोटात बदल करून झाली. मात्र या प्रयोगांचा प्रश्न एकच होता: जंगल तोडले तर पाणी वाढते की घटते? ते पाणी कसे आहे, हे विचारणारे काम न्यू हॅम्पशर राज्यातल्या व्हाइट माउंटन्स डोंगरांत झाले आणि पाणलोटशास्त्राची दिशा त्याने बदलली. या पत्राचा मुख्य आधार तेच काम आहे.

अमेरिकेच्या वनसेवेने १९५५ मध्ये तेथे हबर्ड ब्रुक प्रायोगिक वन स्थापन केले. सुमारे ३,१०० हेक्टरांच्या या जंगलात लहान लहान ओढ्यांचे अनेक पाणलोट एकमेकांना लागून आहेत. जवळच्या डार्टमथ कॉलेजात जीन लाइकेन्स आणि हर्बर्ट बोरमन हे जीवशास्त्रज्ञ होते. वनसेवेचे रॉबर्ट पियर्स आणि भूशास्त्रज्ञ नॉय जॉन्सन यांच्यासोबत त्यांनी १९६३ मध्ये आपला अभ्यास सुरू केला. वनसेवेचे लोक ओढ्यातले पाणी आधीपासून मोजत होते. या चौघांनी त्या मोजणीला रसायनशास्त्र जोडले. पावसाचा आणि ओढ्याचा नमुना दर आठवड्याला घ्यायचा, त्यातले कॅल्शियम, नायट्रेट, सल्फेट, सामू तपासायचे आणि हे वर्षानुवर्षे खंड न पाडता करायचे, एवढीच ती योजना.

जागेची निवड महत्त्वाची होती. तेथील खडक जवळजवळ जलाभेद्य आहे. खोल मुरून पळून जाणारे पाणी नगण्य, म्हणून खर्चाची तिसरी वाट बंद. वर्षाला सरासरी १,४०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडते, त्यातले सुमारे ५०० मिलिमीटर वाफेने जाते, बाकी सगळे ओढ्यात येते. जलवर्ष १ जूनला सुरू होते, कारण तोवर बर्फ वितळलेले असते आणि जमीन ओलीचिंब असते. महाराष्ट्रातही पावसाचे वर्ष जूनमध्येच उघडते, फक्त तेव्हा जमीन कोरडीठक्क असते.

ओढ्याच्या मुखाशी काँक्रीटचा छोटा मोजबंधारा असतो आणि त्याच्या पोलादी पत्र्यात खाली निमुळती होत गेलेली व्ही आकाराची खाच. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची समजली की प्रवाह सूत्राने निघतो. नव्वद अंशांच्या खाचेत पाणी १० सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर पाणी जाते; २० सेंटिमीटर असेल तर पंचवीस लिटरांच्या आसपास. उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पटींहून जास्त. खाच खाली निमुळती असल्यामुळे उन्हाळ्यातला बारीक झराही नीट मोजला जातो आणि पूरही निसटत नाही. उंची सतत टिपणारे यंत्र बसवले की वर्षभराचा प्रवाह हाती येतो. त्याला नमुन्यातल्या द्रव्याच्या प्रमाणाने गुणले की हेक्टरी किती किलो माती, किती किलो नायट्रोजन बाहेर गेला ते कळते. हा गुणाकार विसरू नये असा आहे. ‘पाण्यात नायट्रेट इतके आढळले’ हे नुसते प्रमाण झाले. पूर आल्यावर प्रमाण उतरले, तरीही त्याच दिवशी सर्वांत जास्त नायट्रेट वाहून जाऊ शकते.

१९६५ च्या हिवाळ्यात दोन क्रमांकाच्या, १५.६ हेक्टरांच्या पाणलोटातली सगळी झाडे कापण्यात आली. लाकूड उचलले नाही, जमीन नांगरली नाही, रस्ता पाडला नाही. झाडे पडली तिथेच राहिली आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक फवारून नवी वाढ होऊ दिली नाही. हेतू लाकूडतोडीची नक्कल करण्याचा नव्हता; जंगल पाणलोटासाठी काय काम करते हे ते काम बंद पाडून पाहायचे होते. वनशास्त्रज्ञांनी यावर टीका केली की एवढी निष्ठुर तोड प्रत्यक्षात कोणी करत नाही. टीका खरी होती, आणि प्रयोगाचा उपयोगही त्या टोकाच्या स्थितीमुळेच झाला.

पहिल्या वर्षी ओढ्याचे पाणी ३९ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या वर्षी २८ टक्क्यांनी. हे अपेक्षितच होते: झाडे वाफेने जे पाणी उडवत होती ते ओढ्यात आले. धक्का रसायनांनी दिला. तोडीनंतर सुमारे पाच महिने काही घडले नाही आणि मग ओढ्यातले नायट्रेट चढू लागले. जंगल अबाधित असताना जे प्रमाण असायचे त्याच्या ते पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. ज्या डोंगरावर कोणी खताचा दाणा टाकला नव्हता, तिथल्या ओढ्याचे पाणी पिण्याच्या पाण्याची नायट्रेट-मर्यादा जवळजवळ सतत ओलांडत राहिले. कॅल्शियमचे प्रमाण दोन वर्षांत ४१७ टक्क्यांनी वाढले, पोटॅशियमचे १,५५८ टक्क्यांनी. सामू ५.१ वरून ४.३ वर उतरला.

याचे कारण मातीत आहे. पालापाचोळा कुजताना अमोनियम तयार होते आणि एरवी झाडांची मुळे ते लगेच उचलतात. मुळे नसली की जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियमवर धन विद्युतभार असल्याने ऋणभारित चिकणमाती ते धरून ठेवते. नायट्रेट ऋणभारित, त्याला माती धरत नाही, ते पाण्यासोबत निघून जाते. शिवाय या क्रियेत आम्ल तयार होते आणि ते मातीच्या कणांवरचे कॅल्शियम, पोटॅशियम हुसकावून लावते. उभ्या वनस्पतींचे आवरण म्हणजे केवळ धूप थांबवणारी गोष्ट नाही, ते पाण्याची गुणवत्ता राखणारे यंत्रही आहे, हे येथे पहिल्यांदा हेक्टरी किलोंमध्ये दिसले. उघड्या पडलेल्या शेतात मृगाच्या पहिल्या पावसानंतर विहिरीत नायट्रेट का चढते, याचे स्पष्टीकरणही हेच. तिथे युरियाची भर असते इतकेच.

दुसरा शोध कोणी शोधायला गेले नव्हते. १९६३ मध्ये पावसाचे पहिलेच नमुने तपासले तेव्हा ते विलक्षण आम्ल निघाले. स्वच्छ पावसाचा सामू साधारण ५.६ असतो, येथे तो चारच्या आसपास होता आणि भोवती शंभर किलोमीटरवर मोठा कारखाना नव्हता. स्वीडनमध्ये स्वांते ओडेन यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात असेच आम्ल पर्जन्य दाखवून दिले होते. लाइकेन्स त्यांना भेटले आणि दोन्ही खंडांतली गोष्ट एकच असल्याचे स्पष्ट झाले: दूरच्या औष्णिक वीजकेंद्रांतला सल्फर डायऑक्साइड वाऱ्याने शेकडो किलोमीटर जाऊन पावसातून उतरत होता. १९७४ मध्ये लाइकेन्स आणि बोरमन यांचा निबंध आला, त्यावर वीज आणि कोळसा उद्योगांशी वर्षानुवर्षे वाद झाला आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात आम्लवर्षेसाठी स्वतंत्र तरतूद झाली. वाद मिटण्यास एवढा काळ का लागला, याचे एक उत्तर आकडेवारीत आहे. पावसाची आम्लता घटते आहे असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता येण्यासाठी सुमारे १८ वर्षांच्या सलग नोंदी लागल्या. मधली कोणतीही तीन-चार वर्षे उचलली असती, तर ती वाढते आहे असेही सिद्ध करता आले असते आणि काहीच बदल नाही असेही.

तिसरा प्रसंग कामांचा आराखडा करणाऱ्या कोणत्याही यंत्रणेने नीट वाचावा असा आहे. आम्लवर्षेने जमिनीतले कॅल्शियम धुऊन नेले होते. ते परत दिले तर काय होते हे पाहण्यासाठी १९९९ मध्ये एक क्रमांकाच्या पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेटचे खनिज पसरण्यात आले. शर्करा मेपलची झाडे सुधारली आणि वाफेने जाणारे पाणी काही वर्षे वाढले. म्हणजे जंगल निरोगी झाले आणि ओढ्यात पाणी थोडे कमी आले. इथवर यशोगाथा. पण दशकभरानंतर याच ओढ्यातून नायट्रेट मोठ्या प्रमाणावर वाहू लागले. नायट्रोजन धरून ठेवणारा पाणलोट तो गमावणारा झाला. काम संपल्यावर तीन वर्षांनी मोजणी बंद केली असती, तर हा परिणाम कोणालाच कळला नसता आणि अहवालात फक्त यश उरले असते.

महाराष्ट्राकडे वळताना आधी एक फरक नोंदवायला हवा, कारण त्याशिवाय हबर्ड ब्रुकची नक्कल फसेल. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे आणि हा खडक जलाभेद्य नाही. लाव्ह्याचे एकावर एक थर आहेत. काही घट्ट, काही सच्छिद्र, मध्ये आडव्या-उभ्या भेगा, वर मुरमाचा थर. एका पाणलोटात मुरलेले पाणी शेजारच्या ओढ्यात झऱ्याने निघू शकते. तिसरी वाट येथे उघडी आहे, आणि खरे तर ‘पाणी जिरवा’ म्हणताना शासनाला तीच हवी असते. म्हणून नुसत्या मोजबंधाऱ्याने भागणार नाही. ओढा आणि विहिरी एकाच वहीत लिहाव्या लागतील.

विहिरींची नोंद राज्याकडे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची विभागणी पंधराशेहून अधिक पाणलोटांत केली असून हजारो निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा घेतली जाते. पण पातळी म्हणजे पाणी नव्हे. बेसाल्टची साठवणूक फार थोडी असते. जमिनीच्या आकारमानाच्या दोन टक्के पाणी उपसता येते असे धरले, तर एका हेक्टराखाली भूजल एक मीटर वर येणे म्हणजे २०० घनमीटर, अर्थात २० मिलिमीटर पाणी. विहीर पाच मीटर चढली की गावात उत्सव होतो. हिशेबात ते १०० मिलिमीटर असते. ते पाणी दिवाळीनंतरच्या दोन पाळ्यांत उपसले गेले तर मार्चमधल्या नोंदीत काही उरत नाही. वाढ खोटी नव्हती, लहान होती. उपसा किती झाला याची नोंद नसल्याने पाऊस चांगला झाला म्हणून विहीर चढली, बंधाऱ्यामुळे चढली की मोटारी कमी चालल्या म्हणून, हे कोणालाच सांगता येत नाही.

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. समतल चर, नाला खोलीकरण, सिमेंट नाला बांध, शेततळी अशी लाखो कामे झाली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२० मध्ये विधिमंडळासमोर आलेला अहवाल म्हणतो की ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही. विभागाची आणि गावांची यावर वेगळी मते आहेत, आणि ती असण्यास जागा आहे. कारण दोन्ही बाजूंकडे तुलनेचा पाणलोट नव्हता. काम झालेल्या गावांतील विहिरींची आधीच्या दुष्काळी वर्षाशी तुलना केली की यश दिसते, आणि चांगल्या पावसाच्या वर्षाशी केली की अपयश. दोन्ही वेळा मोजला जातो तो पाऊसच.

यशाचे दुसरे माप म्हणजे टीसीएम, हजार घनमीटरांत सांगितलेली निर्माण झालेली साठवण क्षमता. ती भांड्याच्या आकाराची मोजणी आहे. भांडे पावसाळ्यात एकदा भरते की चार वेळा, त्यातले किती मुरते, किती उन्हाने उडते आणि खालच्या गावाच्या वाट्याचे किती अडते, याचा त्यातून पत्ता लागत नाही. शेवटचा मुद्दा राजकीयदृष्ट्या अडचणीचा आहे. वरच्या अंगाला अडवलेले पाणी नव्याने निर्माण झालेले नसते. सरासरी ५००-६०० मिलिमीटर पावसाच्या टापूत माथ्यावर प्रत्येक ओघळ अडवली, तर पायथ्याच्या तलावात येणारा येवा घटतो. काही ठिकाणी तो घटलेला चालतो, काही ठिकाणी खालच्या गावाची पाणीपुरवठा योजनाच कोरडी पडते. नाल्याच्या मुखाशी मोजणी नसली तर हा वाद दोन गावांच्या आवाजांवर ठरतो.

गुणवत्तेचा विचार तर या कामांच्या आराखड्यात जवळपास नसतोच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मुरवलेले पाणी कोठून आले यावर ते काय घेऊन विहिरीत उतरेल हे ठरते. गावाच्या वरच्या बाजूच्या गायरानातून मुरलेले पाणी वेगळे, उसाच्या शेतातून निथळलेले वेगळे आणि शोषखड्ड्यांच्या व उकिरड्यांच्या पट्ट्यातले तर अगदीच वेगळे. पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला नाला बांध घालताना त्या नाल्यात काय येते हे आधी तपासले पाहिजे. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत प्रश्न फ्लोराइडचा आहे, म्हणजे खडकाचा. तेथे पावसाचे ताजे पाणी मुरवल्याने प्रमाण उतरू शकते, आणि ते उतरले की नाही हेही आधी-नंतरच्या नमुन्यांशिवाय सांगता येणार नाही. गाळाचेही तसेच. धरणातला गाळ उपसून शेतात पसरण्याची योजना चांगली आहे, पण तो गाळ कोणत्या पाणलोटातून दरवर्षी किती टन येतो हे मोजल्याशिवाय तो उपसणे कधी संपणार नाही.

मोजणीची ही परंपरा परकी नाही. पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, एन. व्ही. कानिटकर यांनी ते पुढे नेले आणि तिसाच्या दशकात सोलापूरला उतारावरच्या काळ्या जमिनीतून किती पाणी आणि किती माती वाहून जाते याच्या नोंदी घेतल्या गेल्या. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत सत्तरच्या दशकापासून काळ्या जमिनीचे छोटे पाणलोट जोडीने मोजले जात आहेत: एकात पारंपरिक पद्धत, दुसऱ्यात रुंद वाफे आणि सरी. दख्खनच्या मातीत हे काम होऊ शकते याला आणखी पुरावा नको.

विभागाकडून अपेक्षा मोठ्या खर्चाची नाही. कोकण, घाटमाथा, अवर्षणप्रवण पट्टा, मराठवाडा आणि पूर्व विदर्भ अशा वेगवेगळ्या प्रदेशांत काहीशे हेक्टरांच्या पाणलोटांच्या मोजक्याच जोड्या निवडाव्यात. प्रत्येकाच्या मुखाशी मोजबंधारा, माथ्यावर आणि पायथ्याशी पर्जन्यमापक, पाणलोटभर निरीक्षण विहिरी आणि मोटारींच्या विजेच्या वापरावरून उपशाचा अंदाज, इतके पुरेसे आहे. पावसाळ्यात नमुने आठवड्याला घ्यावेत, पुराच्या वेळी जास्त. दोन्ही पाणलोट तीन-चार वर्षे काहीही काम न करता मोजावेत, म्हणजे एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा आकडा सांगता येऊ लागतो. त्यानंतरच एकात काम सुरू करावे. दुसऱ्या गावाला कामापासून वंचित ठेवल्याचा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. त्यावर उपाय असा की दुसऱ्या गावाचे काम रद्द न करता ते पुढच्या टप्प्यात, ठरलेल्या वर्षी होईल असे लेखी द्यावे. निधी तसाही सर्व गावांना एकाच वर्षी मिळत नाही.

अडचण पैशापेक्षा मुदतीची आहे. योजना पाच वर्षांची असते, अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांत होते आणि पाणलोटाला उत्तर द्यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणून मोजणीचे काम योजनेच्या निधीतून काढून कृषी विद्यापीठे आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मी संस्थेकडे स्वतंत्र, दीर्घ मुदतीच्या तरतुदीने सोपवावे. नमुन्यांचा काही भाग बाटल्यांत जपून ठेवावा. हबर्ड ब्रुकमध्ये साठच्या दशकातले नमुने आजही कामी येतात. आकडे दर महिन्याला सर्वांसाठी खुले व्हावेत आणि ज्या गावचा ओढा मोजला जातो त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. पुढील टप्प्यातील कामांची निविदा निघण्यापूर्वी निदान पहिल्या जोडीची जागा ठरवून मोजबंधारा बांधून घ्यावा, ही विभागाला विनंती.